भिंतीवरच्या वाकळा

माझी बायको चंद्रकला गेली हे माझ्या आधी बँडला कळलं. मी दवाखान्याच्या खाली टपरीवर चहा घ्यायला उतरलो होतो आणि तिच्या उशाशी ऋतुजा बसली होती. ऋतुजा म्हणजे बँडमध्ये ड्रम वाजवणारी पोरगी. बोलते तेही बडवल्यासारखंच. ती जिना उतरून आली आणि हळूच म्हणाली, "काका, वर चला." तिचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. काय झालं ते विचारायची गरजच राहिली नाही…

आमची ही काही गाण्यातली बाई नव्हती. पिंगळी गावची, शेतकऱ्याच्या घरची. मी रेल्वेत गँगमन, रुळावर हातोडा मारून निवृत्त झालो. पोटी लेकरू नाही. परभणीत घर बांधलं तेव्हा मागं पत्र्याच्या छताची एक खोली काढली होती, भाड्यानं द्यायला. काही वर्षांमागं नितीन ती बघायला आला, पाठीला गिटार अडकवून. "राहायला नको काका, वाजवायला पायजे," म्हणाला. मी त्याला दारातूनच वाटेला लावत होतो, तर ही आतून म्हणाली, "जलमभर रेल्वेचा खडखडाट चालला तुमाला. लेकरांचं काय जड व्हायलंय?"

लेकरं राहिली. चौघं होती. आपल्याकडं वाजवायचं म्हणजे डीजे, नाही तर सिनेमाची गाणी. ह्यांना स्वतःची करायची होती, आपल्या बोलीत, रॉक म्हणतात त्या धाटणीची. पहिल्याच दिवशी पत्रे थरथरले आणि गल्ली दारात आली. शेजारचे गुरुजी म्हणाले, "वहिनी, एक तर हे राहतील, नाही तर आम्ही." ही आत गेली. जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ ट्रंकेतून काढली आणि खिळे ठोकून भिंतीवर टांगली. मग पोरांना वाजवायला सांगून गल्लीतल्या नळापाशी जाऊन उभी राहिली. आवाज बाहेर येतो का ते ऐकून तिथून ओरडली, "अजून येतंय!"

तेव्हापासून तिचा तोच उद्योग. वाकळ शिवायची, टांगायची, नळापाशी जाऊन कान द्यायचा. मी म्हणायचो, "भिंतीला थंडी वाजायलीय व्हय? मला पांघरायला एक ठेवली न्हाईस." ती म्हणायची, "तुमाला ब्लँकेट हाय की."

एकदा गणपतीपुढं पोरांचा कार्यक्रम झाला. लोकांनी सिनेमाची गाणी मागून मागून ह्यांना खाली उतरवलं. नितीन रडवेला होऊन आला. म्हणाला, "मावशी, उद्यापासून लोकांना पायजे तेच वाजवू." ही सुईत दोरा ओवत होती. "मंग वाकळा काढते," म्हणाली. "दुसऱ्याची गानी उघड्यावर वाजवली तरी कोन काय म्हनतंय? ह्या तुमच्यासाठी शिवल्यात." पोरं दुसऱ्या दिवशी आपलंच गाणं घेऊन बसली. पुढं नांदेडला वाजवलं, मग संभाजीनगरला. तिथं आम्ही दोघं गेलो होतो. समोरची अनोळखी पोरं ह्यांचे शब्द ह्यांच्या आधी म्हणत होती. ही कानावर पदर धरून बसली. "लय मोठ्यानं वाजवायलेत हो," म्हणाली, आणि हसतच राहिली… त्यानंतर पुण्याहून बोलावणं आलं, आणि हिनं अंथरूण धरलं.

तेरावं झालं. आमच्यात मयताचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, भिंतीवरच्या सगळ्या वाकळा उतरवून गाठोडं बांधलं. तेवढ्यात चौघं आली, सामान न्यायला. नितीन म्हणाला, "काका, खोली मोकळी करून देतो. पुण्याला न्हाई म्हणून कळवतो. मावशी न्हाई तर आता जमायचं न्हाई."

म्हणलं, "न्या. पन जायच्या आदी एकदा वाजवा."

पोरं आक्काच्या तोंडाकडं बघायला लागली. मी परत म्हणलं, वाजवा. त्यांनी सुरू केलं, तर उघड्या भिंतींवर आपटून आवाज उलटा अंगावर यायला लागला. शब्द कळेना. नितीननं मध्येच हात थांबवला. "काका, लय घुमायलंय."

"घुमंल न्हाई तर काय! खोली उघडी पडलीय."

मी गाठोडं ओढत आणलं. आक्का आडवी आली, "अरं, मयताचं पांघरून हाय ते!"

"आक्का, ह्या पांघरायच्या न्हाईत," मी म्हणलं, "वाजवायच्या हायत." आणि हातोडा हातात घेतला. ऋतुजा एकेक खिळा देत गेली. गाठोड्याच्या तळाशी एक वाकळ अर्धीच निघाली, सुई तशीच टोचलेली. दाराच्या वरच्या जागेसाठी शिवायला घेतली होती तिनं. तीही टांगली. मग पोरांनी तेच गाणं पहिल्यापासून वाजवलं. सामान कुणी उचललं नाही.

पोरं पुण्याला वाजवून आली. आता मुंबईचं बोलावणं आहे म्हणतात.

परवा ऋतुजानं विचारलं, "काका, ती अर्धी मी पुरी करू?" म्हणलं, राहू दे. दाराच्या वर हातभर भिंत उघडी आहे, वाकळेतली सुईही मी काढलेली नाही. तालीम सुरू झाली की मी नळापाशी जाऊन उभा राहतो. गुरुजी हल्ली खुर्ची घेऊन ओट्यावर ऐकत बसतात. मी कान देतो…

अजून येतंय.