हिच्या मामांची घंटा

देवाने माणसाला जीभ चवीसाठी दिली, दात चावण्यासाठी आणि कान ऐकण्यासाठी, ही वाटणी आमच्या हिच्या मामांना जन्मभर मान्य झाली नाही. जिभेने ते माती पारखत, नाकाने भट्टी ओळखत, आणि दातांचं काय करत ते पुढे सांगतोच. धातूचा रस ओतून वस्तू घडवण्यात कल्याणात त्यांच्यासारखा ओतारी झाला नाही आणि, खरं सांगायचं तर, त्यांच्याइतका त्रासदायक पाहुणाही झाला नाही. मीही जातीचा ओतारीच. पण चार बुकं शिकलो आणि मामलेदार कचेरीत लेखणी धरली, म्हणून मामांच्या लेखी मी अर्धवट भाजलेला साचा. तरी भाचीचा नवरा पडलो. तोंडावर ‘जावईबापू’ म्हणायचे. पाठीमागे काय म्हणत ते हिने मला कधीच सांगितलं नाही.

साच्याची माती चिकट हवी, गाळलेली हवी आणि मुख्य म्हणजे गोड हवी. खाडीकाठची खारी माती भट्टीत तडकते आणि आठ दिवसांच्या कामाचा सत्यानाश करते. त्यामुळे मामा जातील तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. एकदा कोलशेतला नात्यातल्या मुलीचं लग्न होतं. मामा तीन दिवस राहून, जेवून आले. हिने हौसेने विचारलं, “कसं झालं हो लग्न?” मामा म्हणाले, “लग्न ठीक. माती मात्र अगदीच खारट.” नवरीचं नावसुद्धा त्यांना आठवेना. आमच्याकडे जेवायला बसले की रिकाम्या ताटाला आधी टिचकी मारायचे. नाद पसंत पडला तर जेवणार, नाहीतर “यात शिसं आहे” म्हणून ताट परत, आणि ही बिचारी शेजारी धावायची. स्टेशनात गाडीची वर्दी द्यायला रुळाचा तुकडा टांगलेला असे. तो ठणठणला की मामा भर बाजारात संतापत. “एवढं मोठं सरकार, पण एक घंटा ओतून घ्यायची अक्कल नाही! अहो, लाटलेलं लोखंड ते, पोळीसारखं. त्याला गळा कुठून येणार?”

पण कहर केला तो माझ्या मुलीच्या बारशाला. मेणाची वस्तू घडवायची, तिच्यावर माती चढवायची, भाजली की मेण ओघळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. मेणाच्या आठपट पितळ लागतं. हा हिशेब मामांच्या हाडात मुरलेला. सगळ्या बायका “गोड आहे हो” म्हणत असताना मामांनी पाळण्यात वाकून पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “सव्वातीन शेर. पितळेची केली तर सव्वीस शेर बसेल.” ही दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. मामांना मात्र आपण लेकराचं कौतुकच केलं असं शेवटपर्यंत वाटत होतं!

आता दातांचं सांगतो. काशात तांब्याबरोबर कथील लागतं, आणि चोख कथिलाची कांडी वाकवली की आतून बारीक करकर येते. ओतारी म्हणतात, कथील रडलं. शिसं मिसळलेलं कथील रडत नाही. मामा कांडी कानाशी धरून वाकवायचे. एके दुपारी मी त्यांच्या भट्टीवर गेलो तर कांडीचं टोक दातांत धरून वाकवत बसलेले! मी हसून म्हणालो, “मामा, आहेत ते चार दात तरी राहू द्या.” ते हसले नाहीत. कांडी खाली ठेवून म्हणाले, “जावईबापू, कान गेले. माणसाचं बोलणं ओठांवरून कळतं हो. धातूला ओठ कुठले? दातात धरलं की तेवढं डोक्यात वाजतं.” तेव्हा माझ्या लक्षात आलं, गेली दोन वर्षं मामांनी आमच्या ताटाला टिचकी मारली नव्हती, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानत होतो. मला माझीच लाज वाटली.

नेमकं त्याच महिन्यात खाडीकाठच्या कोपर गावच्या गावदेवीच्या घंटेचं काम आलं. अर्ध्या गावाला मुंबईची विलायती घंटा हवी होती. पाटलांनी तोंडावर सांगितलं, “मामा, नीट नाय वाजली त आमी मुंबयशी आनू.” मामांनी मला शपथ घातली, “कुणाला बोलू नका. बहिऱ्या ओताऱ्याची घंटा कोण घेईल? ही बिघडली तर मी भट्टी विझवणार, कायमची.” मी हिलासुद्धा बोललो नाही. हे किती अवघड होतं ते नवरे जाणतील.

रिवाजाप्रमाणे घरटी एक जुनं काशाचं भांडं घंटेसाठी आलं. मी टिचकी मारायची आणि मामांनी भांड्याचा काठ दातांत धरून पारख करायची, असं आमचं चाललं. एक म्हातारी आपली वाटी घेऊन उभी होती. ती कडाडली, “अरे मेल्या, देवीच्या घंटंला उष्टं?” मामांनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “आजी, विस्तवात गेल्यावर उष्टं उरतं होय?” गावाला पटलं. म्हातारी मात्र मामांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली.

ज्वाळेला हवा तो हिरवा रंग चढला, मामांनी एका दमात रस ओतला, आणि साचा तिसऱ्या दिवशी फोडला. घंटा देवळापुढच्या आंब्याला टांगली. आतली बारीक चीर ओताऱ्यालाच ऐकू येते, म्हणून त्याने ‘बरी आहे’ म्हटल्याशिवाय घंटा देवळात चढत नाही. मामांनी मोगरी माझ्या हाती दिली. मी ठोका मारला. अहाहा, काय नाद होता! मी मामांना डोळ्यांनी खुणावलं, म्हणा, बरी आहे म्हणा. “मामा, बोला की!” पाटील म्हणाले. मामांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. माझ्या कानांच्या भरवशावर ते होकार देणार नव्हते. दातांत धरावी तर ही घंटा आता पुन्हा विस्तवात जायची नव्हती. देवीला उष्टी घंटा कशी चालेल?

तेवढ्यात ती म्हातारी पुढे आली. मामांच्या समोर उभी राहून, ओठ सावकाश हलवत म्हणाली, “चाव रं बाबा. शबरीची बोरां चालली देवाला, तुजी घंटा नाय चालनार?” मामांनी वाकून घंटेचा काठ दातांत धरला, डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. मी ठोका दिला. नाद आंब्यातून, देवळावरून, खाडीपर्यंत गेला आणि विरला. माणसं हलायला लागली, पण मामांचं बोट वरच. गालांवरून पाणी ओघळत होतं. कितीतरी वेळाने त्यांनी बोट खाली केलं आणि म्हणाले, “बरी आहे. तुमचं ऐकून झालं तरी वाजत होती.”

मामांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. कोपरला गेलो की मी घंटा वाजवतो. दातांत धरायचं धैर्य मला नाही. काठाला नुसतं बोट टेकवून उभा राहतो. नाद विरतो, मागची माणसं म्हणतात, “अवो, सरका की पुढं.” मी सरकत नाही. बोटाखाली अजून थरथर असते, आणि मामांनी बोट खाली केल्याशिवाय मी कसा सरकू?