बायकोच्या गाण्यातला आरोपी

मी एसटीत तिकीट तपासनीस होतो. नातेपुत्याच्या थांब्यावर गाडी अडवायची, आत शिरायचं आणि आधी चेहरे बघायचे. जो खिडकीबाहेर फार मन लावून बघतो, त्याच्याकडे तिकीट नसतं. जो झोपलेला असतो, त्याच्या पापण्या हलत असतात. निवृत्त झालो, ओळखपत्र जमा केलं, पण संशय काही जमा करता आला नाही. तो घरी घेऊन आलो.

त्यामुळे बायको मोबाईल पालथा ठेवायला लागली, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. विचारलं तर म्हणाली, "स्पर्धेत नाव दिलंय. स्वरचित गीताची. शब्द आपले आणि चालही आपलीच पाहिजे."

"कुणाची स्पर्धा?"

"महिला मंडळाच्या ग्रुपवर आलंय की."

त्या ग्रुपवर काय काय येतं ते मला ठाऊक आहे. लिंबू पिळून साखर बरी करणारे लोक तिथंच असतात. मी म्हटलं, नंबर आधीच ठरलेले असणार, परीक्षकांच्या भाचीचं गाणं तयार असेल, बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बोलावलंय. "असू दे की," ती म्हणाली. विषय काय म्हणून विचारलं. "माझं घर," म्हणाली आणि भाजी ढवळायला लागली. भाजीला ढवळायची काही गरज नव्हती.

आता हिच्या कवित्वाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या शुक्रवार पेठेत हळदीकुंकू म्हणा, डोहाळजेवण म्हणा, बायका हिच्याकडे उखाणे मागायला येतात. "वैनी, आमच्या ह्यांचं नाव कशातच बसंना," म्हणून रडत आलेली नवी नवरी हिच्याकडून हसत गेलेली मी पाहिलीय. ही पोळी लाटता लाटता जुळवून देते. उखाण्यात नवऱ्याचं नाव आलंच पाहिजे, नाहीतर त्याला उखाणा कोण म्हणेल? म्हणजे इतक्या वर्षांत हिनं रचलेल्या प्रत्येक ओळीत कुणाचा ना कुणाचा नवरा होता. उखाण्याच्या दोन ओळींत नवरा मावतो, तर अख्ख्या गाण्यात केवढा मावेल? आणि विषय 'माझं घर'! मला घामच फुटला.

कारण माझ्याबद्दल सांगण्यासारखं तिच्याजवळ पुष्कळ होतं. पाहुण्यांच्या देखत आमटीत मीठ नाही म्हणून मी एकदा ताट सरकवलं होतं. पण त्या दिवशी मीठ खरंच नव्हतं! रात्रपाळी, मुक्काम, सणाला घरी नाही, हे तर नोकरीतच आलं. ओरडतो म्हणाल तर कुठला नवरा ओरडत नाही? मी मनातल्या मनात माझी बाजू तयार करून ठेवली. स्पर्धेच्या हॉलमध्ये कुणी तोंडावर विचारलंच तर उत्तर असावं.

गाणं ती माझ्यासमोर म्हणेना. खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटताना त्या ठेक्यावर काहीतरी गुणगुणायची आणि मी दारात गेलो की नुसतं कुटणं चालू. मग मी चप्पल काढून जायला लागलो. असाच एकदा जिन्यात उभा असताना एक ओळ स्पष्ट ऐकू आली: "कुरकुर करतो, थांबत नाही."

घ्या! आता आणखी काय पुरावा पाहिजे?

तिचं माहेर मैंदर्गीचं. बहिणीशी फोनवर ती कानडीत बोलते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मला त्यातलं 'इल्ला' आणि 'बेडा' एवढंच कळतं, नाही आणि नको. हल्ली ती बहिणीला फोनवर गाणं म्हणून दाखवायची आणि दोघी खो खो हसायच्या. मी पेपर तोंडापुढं धरून बसायचो. तिकीट नसलेला माणूस बसतो ना, अगदी तसा.

भरीत भर म्हणून समोरच्या घरातले मास्तर. माझ्याच वयाचे, त्यांची बायको त्याच मंडळात. एकदा दुधाची पिशवी हातात घेऊन मला रस्त्यातच अडवलं. "काय साहेब, वैनींचं गाणं लई भारी झालंय म्हणं! सगळं घर मांडलंय म्हणं की त्यात. तुमी पुढच्याच रांगेत बसायचं बरं का." आणि असे हसले, की मला वाटलं ह्यांच्याकडे गाण्याची नक्कल पोचलेली आहे.

मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, "ऊन फार आहे, तुझा घसा बसलाय, जाऊ नको."

"घसा कुटं बसलाय?" ती म्हणाली. "तुम्ही न्हाई आला तरी चालेल हो. मी रिक्षानं जाईन."

न जाऊन कसं चालेल? आपल्यामागं काय बोललं जातंय ते न ऐकता घरी बसणारा माणूस मी नव्हे. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्कूटर काढली.

शाळेचा हॉल होता. मास्तरांनी खरोखरच पुढच्या रांगेत जागा धरून ठेवली होती. ही स्टेजवर गेली, माईक खाली करून घेतला, पेटीवाल्याला म्हणाली, "तुम्ही नुसता सूर धरा," आणि टेबलावर बोटांनी तो चटणीचा ठेका धरला. मी मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसलो.

"नळाला पाणी आलं, उठा गं कळशांनो," अशी सुरुवात होती. हॉलमधल्या बायका तिथंच हसल्या. चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावाला ते न सांगता कळतं. मग चिमण्यांची भांडणं आली. मग लेकीच्या दप्तराची खुंटी, लेक पुण्याला नांदायला गेली तरी रिकामी. सासूबाईंची, म्हणजे माझ्या आईची, कोपऱ्यात उभी काठी. मला भरून आलं, पण म्हटलं, थांब, आता आपला नंबर.

"म्हातारा झाला, कुरकुर करतो, थांबत नाही," ती गायला लागली. मी मान खाली घातली. पुढची ओळ आली, आणि तो छताचा पंखा निघाला.

मी हसलो. मोठ्यानं हसलो, मास्तरांनी वळून बघितलं. सुटलो रे बाबा, असं झालं. त्यानंतर शेजारणीचं मांजर आलं. मांजराला अख्खं कडवं! आमच्या ओट्यावर बसणं, दूध सांडणं, हाकललं तरी परत येणं. आणि मग पुन्हा कळशा आल्या, टाळ्या पडल्या, गाणं संपलं.

टाळ्या वाजवता वाजवता माझे हात हळू झाले. मी सगळं गाणं पहिल्यापासून परत आठवून बघितलं. गाडीत मागून पुढं परत तपासत यावं तसं. मी कुठंच नव्हतो.

तिला उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर परीक्षकांच्या भाचीला नाही, एका यंत्रमाग कामगाराच्या सुनेला गेला आणि तो बरोबरच होता. मंडळातल्या बायकांनी हिला गराडा घातला. एवढी खूश मी तिला लेकीच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. ती स्कूटरवर मागं बसली, मानचिन्ह मांडीवर घेऊन.

रस्त्यात मी म्हटलं, "गाण्यात मी नाही."

"न्हाईच की."

"तसं नव्हे. म्हणजे, का नाही?"

ती लगेच बोलली नाही. चिडून नव्हे, खरंच आठवून बघत असावी. मग म्हणाली, "डोळे मिटून बसायची हो. घर समोर यायचं. जे जे आलं ते लिहीत गेले." थोडी थांबली. "तुम्ही आलाच न्हाई."

तिच्या आवाजात राग असता तर मी बोललो असतो. माझी बाजू तयार होती. मीठ, रात्रपाळी, सगळ्याची उत्तरं पाठ होती. तिनं माझ्या नावानं शंख केला असता, तरी मला एवढं लागलं नसतं. मी उगीचच हॉर्न वाजवला.

"रुसला काय?" मागून तिनं खांद्यावर चापटी मारली. "पुढच्या गाण्यात घालते की तुम्हाला."

"नको, उगीच कशाला," मी म्हणालो.

आणि पेठेत शिरेपर्यंत स्कूटर हळू चालवली, ती 'घालते' असं आणखी एकदा म्हणेल म्हणून. ती नव्या चालीचं काहीतरी गुणगुणत होती. तिनं परत विचारलं नाही.