बद्रीनाथमामांचा पांढरा सदरा

त्रिंबक आणि पुतळा यांची पहिली भेट एका बादलीनं घडवली. त्रिंबकला विचाराल तर त्या बादलीत अख्खा हर्सूल तलाव होता आणि त्या लोंढ्यात तो शहागंजातून वाहत थेट क्रांती चौकात लागला. प्रत्यक्षात तो जागचा हललाही नव्हता. आपल्या लाकडी सामानाच्या दुकानापुढं बसून तो गॅसच्या बर्नरनं फळी जाळून काळी करत होता. जाळ बघून समोरच्या नळावरची पुतळा धावली आणि तिनं फळीसकट त्याला विझवलं.

"आग नाय लागली, मीच लावलीय," तो निथळत म्हणाला. "जाळलं की लाकडाच्या रेषा उठून दिसतात."

"आमच्या चुलीत रोज दिसतात," ती म्हणाली आणि पुन्हा नळावर गेली.

त्याच क्षणी त्रिंबकनं ठरवलं, लग्न करायचं तर हिच्याशीच. त्यानं निरोप धाडला. तिचे वडील बद्रीनाथ, हर्सूलला शेती असलेले करारी गृहस्थ. "जळकं लाकूड विकणारा जावई?" म्हणून त्यांनी नाक मुरडलं, पण रविवारी दुकान बघायला येतो म्हणाले.

त्रिंबकनं खास त्यांच्यासाठी बाक केला. शनिवारी पट्टी न् पट्टी जाळून काळीकुट्ट केली. रविवारी सकाळी तारेच्या ब्रशनं काजळी घासायची, जवसाचं तेल चोळायचं, की बाक नवरदेवासारखा दिसणार होता. मामा मात्र ब्रशच्या आधी आले. परीटघडीचं धोतर, पांढराशुभ्र सदरा.

"या मामा, बसा," त्रिंबकच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मामा बसले. नुसते बसले नाहीत, ऐसपैस रेलले.

टेकलेल्या वडीलधाऱ्याला 'उठा' कसं म्हणायचं? त्रिंबकनं चहा मागवला. मग पान. मग आणखी चहा. मामा उठलेच नाहीत तर पाठ दिसणार नाही, एवढीच त्याला आशा होती.

"बाक लई झाक हाये गड्या," मामा अखेर उठले. "म्या उगंच नाट लावत व्हतो. घरी बोलतो."

पाठीवर पाच काळे पट्टे घेऊन ते बाजारात शिरले. भेटेल त्याला रामराम केला, मेथीची जुडी घेतली, भाव करायला दोनदा थांबले. वडीलधाऱ्यांचा मान राखणारी पेठ. कुणी चकार शब्द काढला नाही. घरात शिरल्यावर लक्ष्मीबाईंनी नवऱ्याची पाठ पाहिली.

पुतळाचं लग्न वैशाखात जालन्याला झालं. नवऱ्याचं लोखंडी कपाटांचं दुकान आहे.