बट्टा नव्हे, बठ्ठा

लोक दुकानात मेमरी वाढवून घ्यायला जातात, मी कमी करून घ्यायला गेले. धुळ्यात आमच्याच गल्लीत भाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझं यंत्र कायम तेच बघतात. माझं मागणं ऐकून त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ताई, कालच नवा कॉम्प्युटर नेला ना तुम्ही? आणि आज त्यातली मेमरी काढू?"

"काढा," मी म्हटलं. "जास्त झालीय."

मी घराच्या पुढच्या खोलीत लग्नपत्रिका करून देते. मजकूर लावायचा, गणपती बसवायचा, भाऊबंदांची नावं मानापानाने ओळीत लावायची आणि छापखान्यात पाठवायचं. हे सगळं मी एका जुन्या मराठी प्रोग्रामवर करत आले. तो घेतला तेव्हा कॉम्प्युटरला जेवढी मेमरी असायची, तेवढी आता हातातल्या साध्या मोबाइललाही पुरत नाही. ऐन लग्नसराईत जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. मी निमूटपणे नवा घेतला. त्यात जुना प्रोग्राम चढवला, उघडला, तर पडद्यावर पाटी आली: मेमरी अपुरी आहे. मला हसावं की रडावं कळेना. दुकानातला सगळ्यात जास्त मेमरीचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात मारला होता, आणि याला ती अपुरी?

छापखान्यातल्या मुलाने मला फोनवर त्यातली गोम समजावून सांगितली. जुन्या स्कूटरचा मीटर असतो ना, सगळे आकडे नऊ झाले की पुन्हा शून्यावर येणारा, तसंच. या प्रोग्रामला मोठा आकडा मोजताच येत नाही. मेमरी फार झाली की त्याची मोजणी पलटते आणि त्याला वाटतं, इथं काहीच नाही. म्हणून मी कमी करा म्हणत होते. भाईंनी मेमरीची एक पट्टी काढूनही पाहिली. पाटी हटली नाही. उरलेली एक पट्टीसुद्धा त्याच्या मानाने डोंगर होती.

"ताई, सोडा आता याला. नवा प्रोग्राम टाकून देतो. मोबाइलवर तर फुकट पत्रिका बनते."

मी सोडणार नव्हते. त्याला कारण होतं, आणि ते कारण माझ्या घरात लग्नाची तयारी करत होतं.

माझ्या धाकटीचं लग्न ठरलं होतं, जळगावला. मंडळी चांगली, नोकरदार. पण विहीणबाईंनी फोनवर गोड आवाजात दोन गोष्टी सुचवल्या. एक, पत्रिका शुद्ध मराठीत असू द्या, आमच्याकडे ऑफिसची माणसं येतात. दुसरी त्यांनी थेट माझ्या मुलीलाच सांगितली होती: आमच्याकडे आलीस की ते शे-बिशे जरा जपून हं. माझी मुलगी घरात अहिराणीच बोलते, तिच्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी फोनवर बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात घासून घ्यायला लागली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात; एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, "हो आत्या, सगळे मजेत आहेत." सगळे. एरवी तिच्या तोंडी बठ्ठा असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दिवशी मी ठरवलं, पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांच्या तोंडची जी ओळ असते, ती अहिराणीतच जाणार. थोरलीच्या मुलीच्या तोंडची: मनी मावशीना लगीनले बठ्ठासनी येवानं बरं. म्हणजे, माझ्या मावशीच्या लग्नाला सगळ्यांनी यायचं हं.

आता त्या बठ्ठ्याची गोष्ट. माझ्या प्रोग्राममध्ये ठ ला ठ जोडलेलं अक्षरच नव्हतं. सुरुवातीच्या काळात गावाकडचे लोक ही ओळ टाकायला सांगायचे आणि पडद्यावर पाय मोडलेला ठ एका बाजूला, दुसरा ठ दुसऱ्या बाजूला. बघवायचं नाही. मग मी स्वतः बसून ते जोडाक्षर काढलं, वरच्या ठच्या पोटाखाली धाकटा ठ बसवला आणि ते इंग्रजांच्या पौंडाच्या खुणेच्या जागी ठेवून दिलं. धुळ्यात पौंड कोणाला लागतोय? त्यामुळे माझ्या फायली दुसऱ्या कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडल्या की बठ्ठाच्या मधोमध पौंड उभा राहतो.

नव्या प्रोग्राममध्ये ते अक्षर नीट येतं, असं भाई म्हणाले. येत असेल. पण तिथं बठ्ठा लिहिलं की खाली लाल रेघ येते आणि यंत्र शहाणपणा शिकवतं: तुम्हाला 'बट्टा' म्हणायचंय का? गेल्या लग्नसराईत दोंडाईच्याकडच्या एका आबांनी घाईत मोबाइलवरूनच पत्रिका करून घेतली. करणाऱ्याने यंत्राचं ऐकलं. आबा छापून झालेला गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसून राहिले. "बेटी, आमना लगीनले बट्टा लागी गया," ते म्हणाले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. भाऊबंदांत हसं झालं होतं. मी ती पत्रिका पाहिली आणि यंत्राचाच नव्हे, तर सगळ्या लाल रेघांचा मला राग आला. आमची बोली चूक कोणी ठरवली? ज्याला ती येत नाही त्याने?

हे सगळं मी भाईंना त्यांच्या दुकानात उभ्या उभ्या ऐकवलं. ते उर्दू शाळेत शिकलेले, घरात वेगळी भाषा बोलतात, गिऱ्हाइकाशी वेगळी. ऐकून झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली.

"खरी मेमरी कमी नाही होणार," ते म्हणाले. "पण याला फसवता येईल."

त्यांनी नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर तयार केला. चौकटीत चौकट. बाहेर सगळा थाट नवा, आत त्या काळची जुनी विंडोज, आणि तिला मोजून चिमूटभर मेमरी. माझी जुनी हार्ड डिस्क जोडून त्यातला प्रोग्राम आणि माझा फॉन्ट त्यांनी आत उतरवला. मी प्रोग्राम उघडला. पाटी आली नाही. तो करडा पडदा, त्या कोपऱ्यातल्या ओबडधोबड खुणा, सगळं जागच्या जागी. मी पौंडाची कळ दाबली आणि माझा ठ्ठ उमटला. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

"बस एवढीच मेमरी लागते याला?" भाईंनी विचारलं.

"एवढीच," मी म्हटलं. "याच्यावर एक दाणा देऊ नका."

पत्रिका माझ्या मनासारखी झाली. वरचा मजकूर विहीणबाईंच्या मर्जीप्रमाणे शुद्ध, तळाची ओळ माझ्या मर्जीप्रमाणे. मुलीला मी ती आधी दाखवली नाही. तिने नको म्हटलं असतं तर मला ती ओळ काढावी लागली असती, म्हणून.

बस्ता बांधायला आम्ही जळगावला गेलो. कापड दुकानात गादीवर दोन्हीकडची माणसं, मधे साड्यांचा ढीग. मी पिशवीतून पत्रिका काढून विहीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून वरपासून वाचली, मान डोलावली, आणि तळाशी येऊन थांबल्या. ओळीवर बोट ठेवलं.

"इथं काहीतरी चुकलंय का हो? बट्टा... बट्टासनी? सर्वांनी हवं ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या मुलीने खांद्यावर लावून पाहिलेली साडी खाली ठेवली. तिने वाकून पत्रिका पाहिली. ती ओळ तिने पहिल्यांदाच वाचली. मला वाटलं, आता ही म्हणेल, आईची चूक झाली, बदलून घेऊ.

"चुकेल नही शे, आत्या," ती म्हणाली. "आमनी बोली शे. बट्टा नही. बठ्ठा."

दुकानदाराने उलगडलेली साडी हातातच धरून ठेवली. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मी मदतीला गेले नाही. माझी मुलगी आत्यांच्या शेजारी सरकून बसली आणि त्या जोडाक्षरावर तिने नख ठेवलं.

"वाचा ना परत," ती म्हणाली.

विहीणबाईंनी चष्मा सारखा केला आणि ओळ पुन्हा वाचली, या वेळी सावकाश, दोन्ही ठ म्हणत.