जाळीखालची रोपं

रोपवाटिकेत तिला सगळे धाकटी म्हणत. नाव सासरचं, सासर सुटलं, नाव चिकटून राहिलं. नवरा गेला तेव्हा थोरल्या जावेनं स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि फर्मावलं, "खाणारं तोंड जास्त झालंय."

धाकटीचं काम रोपं कणखर करण्याचं. हिरव्या जाळीखाली लाडात वाढलेले ट्रे ती उन्हात काढी आणि पाणी तोडी. माती सुकली की मुळं पानांना सांगावा धाडतात. पानांवरची बारीक तोंडं मिटतात, ओल आत कोंडली जाते, पेशी साखर साठवून तग धरतात. रोप ते विसरत नाही. पुढच्या उन्हाला आधीच सावध असतं. धाकटीला हे पटवून द्यावं लागलं नव्हतं.

एका सकाळी जाऊबाई अवतरल्या. त्यांच्या नव्या हॉटेलचं उद्घाटन होतं, उघड्या अंगणासाठी फुलझाडं हवी होती.

"अगंबाई, धाकटे! तू इथं? बरी दिसतेस की!"

"तुमची कृपा, जाऊबाई."

उन्हातले ट्रे बघून त्यांनी नाक मुरडलं. "ही काय खुरटी! उपाशी ठेवतेस की काय?"

"सवय लावते जराशी."

"नको गं बाई. जाळीखालची दे. कशी गुटगुटीत आहेत!"

प्रत्येक गिऱ्हाइकाला धाकटी बजावी, 'ही अजून उन्हाला सरावलेली नाहीत, आठवडाभर थांबा.' तेच वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिनं गिळलं. इतकी वर्षं मनात रंगवलेल्या प्रवेशात तिला केवढं लांबलचक भाषण होतं! प्रत्यक्षात प्रवेश मुका निघाला.

"टेम्पोत मीच चढवून देते," एवढंच ती म्हणाली. चढवताना पानांवरून हात फिरवला. वाईट वाटलं ते रोपांचं.

उद्घाटनाच्या दुपारी फोन खणाणला.

"धाकटे, मेल्यांनी माना टाकल्या! पाणी ओतून नुसता चिखल झालाय, पाहुणे दारात आलेत. ती खुरटीच पाठव, आत्ताच्या आत्ता!"

"ती संपली."

"संपली? नेली कुणी?"

"तुमच्या समोरच्या हॉटेलवाल्यांनी. खिडकीतून दिसतील बघा, छान ताठ उभी असतील."

पलीकडे पडदा सरकल्याचा आवाज आला.

"त्यांना कुणी सांगितलं तुझ्याकडून घ्या म्हणून?"

"मीच," धाकटी म्हणाली, आणि फोन ठेवून झारी भरायला गेली.