सॅम्पलकाकांच्या दोन गोळ्या

दार उघडल्यावर ‘या’ म्हणण्याआधी ‘किती दिवस झाले?’ असं विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर सॅम्पलकाका एकटे राहत. एका औषध कंपनीत एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, होते. दिवसभर डॉक्टरांचे जिने चढायचे आणि वाटून उरलेली सॅम्पलची औषधं संध्याकाळी घरी आणायची. तापाची, घशाची, जुलाबाची. अख्ख्या इमारतीचा दवाखाना तोच, आणि तोही फुकट. पेठेत माणसाला याहून मोठा मान मिळत नाही.

मी अकोल्याहून नोकरीसाठी आले होते. सकाळी सातला हिंजवडीची बस, परत यायला अंधार. पहिल्याच थंडीत घसा धरला, तेव्हा खोलीतल्या मुलींनी मला वर पिटाळलं. काकांनी टॉर्च मारून घसा पाहिला (हा अधिकार त्यांना कोणी दिला होता कोण जाणे) आणि दोन गोळ्यांचं चकचकीत पाकीट हातावर ठेवलं.

“अहो अकोला, कोर्स पाच दिवसांचा आहे. सॅम्पलमध्ये कंपनी दोनच घालते. बाकीच्या विकत आणा. आणाल ना?”

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला आणि मी विसरून गेले. सगळ्यांचं असंच चालायचं. फुकटच्या दोन गोळ्यांत बरं वाटल्यावर तिसरी विकत कोण आणणार?

वर्षा-दोन वर्षांनी पाकिटाचा रंग बदले. “ती जुनी आता लागू पडत नाही. ही बघा, एकदम नवी,” असं काका घरच्या पोराचं कौतुक सांगावं तसं सांगत. जुनी का लागू पडत नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्यांची बायको फार पूर्वी सांगलीला माहेरी गेली ती तिकडचीच झाली. “महिन्यातले वीस दिवस मी दौऱ्यावर. तिनं भिंतींशी किती बोलायचं?” एवढंच ते म्हणत. मला ते लगेच समजलं, कारण त्या शहरात मीही कुणाशी बोलत नव्हते. ऑफिसात कामापुरतं, खोलीत झोपेपुरतं. एका रविवारी मी चक्क खोटा खोकला काढून त्यांच्याकडे गेले. त्यांनी पाकीट काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं. “खोकला खोटा आहे. चहा खरा करतो, बसा.” त्यानंतर मी दर रविवारी खोकल्याशिवाय जाऊ लागले.

मग काका निवृत्त झाले आणि सॅम्पलं थांबली. दोन-तीन महिने लोक येऊन गेले. पुढे त्यांना सोपा मार्ग सापडला: कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवायची, दुकानदार तशाच दोन गोळ्या कापून द्यायचा. डॉक्टरांची चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. काकांचं काम संपलं. जिन्यात भेटले तर लोक हसत, पण थांबत नसत. मलाही प्रमोशन मिळालं, रविवारीही ऑफिसचे फोन सुरू झाले, आणि माझे रविवार महिन्यातून एकावर आले. हे लिहितानाही मला लाज वाटते.

काका न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण जखम चिघळली. ताप हटेना. हॉस्पिटलात त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं, तेव्हा इमारतीत कुजबुज झाली, “लागण होते म्हणे.” कुणी गेलं नाही. मी गेले. अंगावर गाऊन, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे.

“चष्मा सापडत नाहीये. तेवढा रिपोर्ट वाचा,” ते म्हणाले. जखमेतल्या जंतूंवर कुठलं औषध चालतं याची ती यादी होती. मी औषधाचं नाव वाचायची आणि पुढचं अक्षर. आर. आर. आर. म्हणजे हे चालत नाही, हेही नाही.

“हे मी बारा वर्षं विकलं,” काका मध्येच म्हणत. “हे तुम्हाला घशासाठी दिलं होतं. हे मी स्वतः सर्दीला घ्यायचो. दोनच.”

एकच औषध उरलं होतं, आणि ते त्यांच्या मूत्रपिंडांना सोसवत नव्हतं. हे जंतू कुणामुळे असे औषधांना न जुमानणारे झाले, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काका मात्र स्वतःला सोडायला तयार नव्हते.

“तुम्ही कुणी कोर्स पुरा करत नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. दोन गोळ्या देणं चूक आहे, त्यानं जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात, हे आमच्या ट्रेनिंगातच सांगितलं होतं.”

“मग का देत होता, काका?”

“नाही म्हटलं असतं, तर कोण आलं असतं हो माझ्याकडे?”

त्यांनी चादरीखालून हात बाहेर काढला. मी हातातला मोजा काढू लागले, तसे ते जवळजवळ ओरडलेच, “काढू नका! तुम्हाला लागण झाली, तर द्यायला माझ्याकडे काही नाही.”

म्हणून मी तो हात रबरातूनच धरला. चौथ्या दिवशी ते गेले. इतकी वर्षं मी त्यांच्या घरी जात होते, पण त्यांच्या हाताचा स्पर्श कसा होता, ते मला माहीत नाही.