एक पुडा पूरग्रस्तांना

देवाने आधी मिरची निर्माण केली आणि मग ती खायला कोणीतरी हवं म्हणून माणूस केला, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी उभ्या नागपुरात पाहिला. ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे मावसाजी. लकडगंजात टिनाच्या शेडखाली त्यांचा चिवड्याचा कारखाना होता. दोन कढया, चार बाया आणि एक तागडी, एवढ्या ऐवजाला ते 'कंपनी' म्हणत आणि स्वतःचं मत सांगतानाही 'कंपनीचं म्हणणं असं आहे' अशी सुरुवात करत. संत्र्याच्या फोडीलासुद्धा ते तिखट लावून खात. भेटायला आलेल्याच्या हातावर आधी मूठभर चिवडा पडे आणि मग मावसाजी बोलणं सोडून त्याच्या कानांकडे पाहत बसत. कान लाल झाले, पण पाणी मागितलं नाही, तर माणूस भरवशाचा. माझ्या ताईला पाहायला आलेला मुलगा तीन पेले पाणी प्यायला, तेव्हा "पोरगा नोकरीत टिकनार नाई" हे भविष्य त्यांनी त्याच्या वडिलांसमोरच सांगितलं. ताईने त्याच मुलाशी लग्न केलं, तो पुढे मोठा साहेब झाला, तरी मावसाजी त्याच्या राजीनाम्याची वाट पाहतच राहिले.

इतकं तिखट नागपूरलाही सोसत नसे, त्यामुळे कंपनी कशीबशी चाले. 'जरा मिरची कमी करा' असं सांगून सांगून मावशी थकली. ती गेल्यावर सांगणारंही कोणी उरलं नाही.

एका पावसाळ्यात पारशिवनीकडच्या एका गावात नदीचं पाणी शिरलं. मावसाजींनी सकाळी पेपर वाचला आणि दुपारी गांधीबागेतल्या दुकानांवर पाट्या लावल्या: 'एक पुडा तुम्ही घ्या, एक पुडा पूरग्रस्तांना कंपनी देईल.' आणि अघटित घडलं. ज्यांनी जन्मात तो चिवडा तोंडी लावला नव्हता, ते चार-चार पुडे नेऊ लागले. खात होते की नाही, देव जाणे. कढया दिवसभर चुलीवरून उतरेनात. आठवड्याभरात ट्रक भरला आणि मला सोबत घेऊन मावसाजी स्वतः निघाले.

गावची माणसं शाळेत राहत होती. पुडे वाटले, लोकांनी ते फोडले आणि पाच मिनिटांत शाळाभर ठसका उठला. लहान पोरं रडायला लागली. एक म्हातारी पुडा घेऊन थेट मावसाजींसमोर आली.

"काहून गा भाऊ, आमच्या डोयात पानी कमी हाय काय?"

मावसाजींनी हयातीत कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. ते रडणाऱ्या पोरांकडे बघत राहिले.

"चुकलं माय," ते म्हणाले. "परवा पुन्हा येतो."

नागपूरला परतल्यावर मावसाजी शेडमध्ये शिरले ते थेट कढईपाशी जाऊन बसले. पोहे, शेंगदाणे, डाळ्या आणि वरून चक्क साखर! बायांना खरंच वाटेना. फिक्या चवीचा त्यांना स्वतःला अंदाज येईना, म्हणून प्रत्येक घाणा ते मला चाखायला लावत आणि एखाद्या परीक्षार्थीसारखे विचारत, "झोंबत तं नाई ना गा?"

ठरल्या दिवशी म्हातारीने नव्या पुड्यातले चार दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. "आता बरं लागून राह्यलं," म्हणाली आणि तिने नातवाला हाक मारली. मावसाजी उगाचच ट्रकची दोरी तपासायला निघून गेले.

गावातली घरं पुन्हा उभी राहिली, तरी मावसाजी दर महिन्याला तिकडे जात राहिले. कधी पुडे घेऊन, कधी रिकाम्या हाताने. कारखाना टाकून एवढ्या लांब जाण्यासारखं तिथे काय आहे, असं मी एकदा विचारलंच.

"थे बुढी ईचारते गा," ते म्हणाले, "जेवला काय म्हनून."

दर रविवारी त्यांच्याकडे पोटभर खाऊन येणारे आम्ही पाच भाचे. मावशी गेल्यानंतरच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.